तळघरातली संशयी भट्टी

३० जानेवारी २०१९ च्या रात्री मिशिगन राज्यात लोकांचे मोबाइल एकदम केकाटले. वादळ किंवा हरवलेलं मूल अशा प्रसंगांसाठी राखलेला तो कर्कश आवाज, आणि संदेश मात्र अगदी घरगुती: थर्मोस्टॅट ६५ वर आणा. म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये १८. बाहेर पारा उणे २५ च्या आसपास होता. त्याच दिवशी सकाळी मॅकोम्ब काउंटीतल्या गॅसच्या कॉम्प्रेसर केंद्राला आग लागली होती. जमिनीखालच्या साठ्यातला गॅस नळांत ढकलण्याचं काम अडलं होतं, आणि हिवाळ्यातल्या सर्वांत गार रात्री तो पुरेल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. लोकांनी ऐकलं. मोटार कारखान्यांनी पाळ्या थांबवल्या, घरोघरी स्वेटरवर स्वेटर चढले, आणि गॅस पुरला.

नोव्हाय, ट्रॉय, कँटन या डेट्रॉइटभोवतीच्या गावांतल्या मराठी घरांनीही तेव्हा आकडा खाली आणला. या भागात पुण्याहून आलेली इंजिनिअर मंडळी बरीच, आणि तीही मोटारींच्या धंद्यातली. इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगतील. पण वर्षातले सहा महिने आपल्याच पायाखाली जी फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, जळत असते, तिचं पुढचं दार काढून आत डोकावलेले फार थोडे. बिघडली की फोन करायचा, एवढाच तिचा आणि त्यांचा संबंध. खरं तर इंजिनिअर माणसाला आवडावं असंच ते यंत्र आहे, कारण ते कुणावरही विश्वास ठेवत नाही.

दिसायला अगदीच साधं. उभ्या कपाटाएवढा पत्र्याचा खोका. त्यात एकीकडून घरातली गार हवा येते, दुसरीकडून गरम होऊन पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते. मधे आहे हीट एक्सचेंजर, म्हणजे धातूच्या वळणदार नळ्या. ज्योत आणि तिचा धूर नळ्यांच्या आत, घरातली हवा नळ्यांच्या बाहेरून. दोघांची भेट कधीही होता कामा नये. मध्यम घराची फर्नेस ताशी ८० हजार बीटीयूची धरली तर ती २३ किलोवॉट होते. आपल्या स्वयंपाकघरातल्या शेगडीचे दहा-बारा बर्नर एकदम पूर्ण पेटवल्यासारखं. एवढी आग झोपायच्या खोलीखाली रात्रभर जळते आणि माणसं घोरत असतात.

हे इतकं सहज कधीच नव्हतं. जुन्या घरांत कोळशाची भट्टी असे. रात्री उठून कोळसा घालायचा, सकाळी राख काढायची. गॅसवर चालणारी, वेगवेगळ्या खोल्यांना वेगवेगळ्या नळांनी ऊब देणारी भट्टी कल्पून तिचं पेटंट मिळवलं न्यूजर्सीतल्या मॉरिसटाउनच्या अॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय महिलेने, डिसेंबर १९१९ मध्ये. तिचा आराखडा जसाच्या तसा घरोघरी गेला नाही, पण दिशा तीच ठरली. दुसऱ्या महायुद्धानंतर लांब पल्ल्याच्या नळांतून नैसर्गिक गॅस उत्तरेकडच्या शहरांत पोचला आणि तळघरातल्या कोळशाच्या कोठ्या रिकाम्या झाल्या.

आता फर्नेसचा संशयी स्वभाव. हिवाळ्यात एकदा तळघरात खुर्ची टाकून बसा आणि वर कुणाला तरी थर्मोस्टॅट दोन अंशांनी वाढवायला सांगा. आग लगेच लागत नाही. आधी इन्ड्यूसर नावाचा छोटा पंखा गुंगुं करत फिरू लागतो. नळ्यांत साचलेला वायू बाहेर काढायचा आणि धुराड्याच्या दिशेने ओढ निर्माण करायची, हे त्याचं काम. ओढ खरंच निर्माण झाली का, हे कंट्रोल बोर्ड पंख्याला विचारत नाही. बारीक रबरी नळीने जोडलेल्या प्रेशर स्विचला विचारतं. पंखा फिरतोय पण बाहेरचं तोंड बुजलंय, असं असू शकतं ना! स्विचने होकार दिला की टक् असा आवाज येतो आणि बोटाएवढा इग्नायटर तापून नारिंगी होतो. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, एका टोकाचा बर्नर पेटतो आणि ज्योत शेजारच्या बर्नरांवर सरसर धावत जाते. घरात हवा सोडणारा मोठा ब्लोअर तेव्हाही गप्प असतो. नळ्या तापल्यावर, अर्ध्याएक मिनिटाने तो सुरू होतो.

या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती ज्योतीत उभी असलेली पेन्सिलीहून बारीक दांडी, फ्लेम सेन्सर. गॅस सोडल्यावर काही सेकंदांत ज्योत लागल्याचा पुरावा मिळाला नाही तर बोर्ड गॅस बंद करतं, आणि तो पुरावा ही दांडी देते. उष्णता मोजून नव्हे. उष्णतेला वेळ लागतो. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे तिच्यातून वीज वाहते. दांडीला आलटून पालटून दिशा बदलणारा, म्हणजे एसी दाब दिलेला असतो. एका बाजूला ही किरकोळ दांडी आणि दुसऱ्या बाजूला बर्नरचं भलंमोठं धातूचं अंग, त्यामुळे प्रवाह एका दिशेला जास्त वाहतो, उलट दिशेला जवळपास नाहीच. उरतो काही मायक्रोअॅम्पिअरचा एकेरी प्रवाह, आणि बोर्ड तोच शोधत असतं. दांडी वाकून बर्नरला टेकली तर? प्रवाह भरपूर वाहील, पण दोन्ही दिशांना सारखा. बोर्ड तोही पुरावा फेटाळतं. खोटी साक्ष ओळखणारा असा साक्षीदार इतक्या स्वस्त भागांत बसवलेला पाहिला की रचना करणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

हीच दांडी ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या अनेक तक्रारींचं मूळ असते. ‘पेटते, तीन-चार सेकंद जळते आणि विझते’ असं कुणी सांगितलं की बहुतेक वेळा दांडीवर पातळ पांढुरका थर बसलेला असतो. प्रवाह घटतो, बोर्डाला ज्योत दिसत नाही. फर्नेस काही वेळा प्रयत्न करते आणि मग रुसून बसते. दाराच्या आतल्या काचेतून लुकलुकणारा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. त्या संख्येचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. वीज आणि गॅस दोन्ही बंद करून, एक स्क्रू सोडवून, दांडी बारीक स्टील वूलने हलकेच पुसली की काम होतं. ज्यांना हे करायचं नसेल त्यांनी करू नये, पण दिवा मोजून फोनवर सांगावा. येणारा माणूस योग्य सुटा भाग घेऊन येतो.

करू नये ते मात्र काही लोक हौसेने करतात. दार उघडलं की वीज तोडणारा एक स्विच असतो, तो टेपने दाबून ठेवतात. ज्वाला बर्नरच्या डब्याबाहेर आल्या तर सगळं बंद पाडणारा रोलआउट स्विच असतो, त्याचं छोटं बटण पुन्हा पुन्हा दाबून फर्नेस ‘चालू करून घेतात’. ज्वाला बाहेर का आल्या, हे कळेपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही. बंद पडलेली फर्नेस आपल्याला छळत नसते.

इतका संशय कशासाठी, तर दोन वायूंसाठी. पहिला नळातला. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत जमिनीखाली साचलेला गॅस पेटला आणि सुमारे ३०० मुलं आणि शिक्षक गेले. कुणालाच वास आला नव्हता. त्यानंतर गॅसमध्ये सडक्या अंड्यासारखा वास मिसळण्याची सक्ती आली. म्हणून तो वास आला की दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालू दिवाही बंद करायचा नाही, आतून फोन करायचा नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि शेजाऱ्याच्या अंगणातून फोन करायचा. गळती कुठे आहे ते शोधण्याचा शहाणपणा आपला नव्हे.

दुसरा वायू जळणातून निघतो, कार्बन मोनॉक्साइड. याला वास देण्याची सोय नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गळून जायला होतं. फ्लू वाटतो, पण ताप नसतो आणि बाहेर पडलं की बरं वाटतं. घरातल्या सगळ्यांना एकदम असं झालं तर क्रोसिन शोधू नये, दार शोधावं. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या ज्या बातम्या येतात, त्यांतला मारेकरी हाच. गिझरची ज्योत आणि अंघोळ करणारा माणूस एकाच कोंडलेल्या हवेवर जगतात. फर्नेसमध्ये मधे नळ्यांची भिंत आहे आणि बाहेर जाणारा पाइप आहे. भिंत तडकली किंवा पाइप बुजला की घराचं बाथरूम होतं.

म्हणून प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म हवा. त्याबद्दलही थोडा संशय बाळगलेला बरा. चाचणीचं बटण भोंगा वाजतो का ते सांगतं, आतला संवेदक जिवंत आहे का ते सांगत नाही. त्याचं आयुष्य पाच ते दहा वर्षांचं. तारीख मागे छापलेली असते आणि ती पाहायला अलार्म भिंतीवरून काढावा लागतो, म्हणून कुणी पाहत नाही. शिवाय अमेरिकी मानकानुसार हवेत दहा लाखांत ७० भाग इतका वायू असेल तर अलार्म वाजायला एक ते चार तास घेऊ शकतो. तो माणूस मरू नये म्हणून आहे, फर्नेस ठीक आहे असं प्रमाणपत्र देण्यासाठी नाही.

नव्या, जास्त कार्यक्षम फर्नेसचं धुराडं पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपचं असतं आणि ते छपरातून नव्हे, भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर पडतं. धुरातली वाफही थंड करून उष्णता वसूल केल्याने धूर कोमट होतो, म्हणून प्लास्टिक चालतं. एक घनमीटर गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी तयार होतं. ते किंचित आम्लधर्मी पाणी नळीने मोरीत जातं. फर्नेसच्या पोटात गुडगुड ऐकू आली तर ती नळी तुंबलेली असते. पण बाहेरचं तोंड खाली आल्याने बर्फाची भीती वाढली. २००५ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समध्ये हिमवादळात असंच एका घराचं धुराडं बुजलं आणि सात वर्षांची मुलगी गेली. तिच्या नावाने ‘निकोलचा कायदा’ झाला, त्याने राज्यातल्या घरांत अलार्म सक्तीचे केले. बर्फ पडला की आपण आधी गाडीची वाट मोकळी करतो. फावडं घेऊन आधी घराला वळसा घालावा.

जुन्या, चिमणीवाल्या घरांत आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या स्वयंपाकाशी जोडलेली. फोडणीचा खाट जावा म्हणून मंडळी ओट्यावर जबरदस्त ताकदीचा एक्झॉस्ट बसवतात. घट्ट बंद घरातून तो एवढी हवा बाहेर ओढतो की तिची भरपाई चिमणीतून होते, म्हणजे वर जायचा धूर खाली येतो. हे पाहायला देवघरातली उदबत्ती पुरते. एक्झॉस्ट पूर्ण जोरात, दारं-खिडक्या बंद, गॅसचा वॉटर हीटर पेटलेला; पाच मिनिटांनी त्याच्या चिमणीच्या खालच्या तोंडाशी धूर धरायचा. आत ओढला गेला तर ठीक. बाहेर परतला तर एक्झॉस्ट बंद, खिडकी उघडी, आणि दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ.

फिल्टरबद्दल सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. एक इंच जाडीचा असेल तर दर महिन्याला काढून उजेडात धरा, पलीकडचं दिसलं नाही की बदला. तळणीच्या आणि धूप-उदबत्तीच्या घरात तो लवकर काळवंडतो. बाण ब्लोअरच्या दिशेने. सर्वांत बारीक जाळीचा, महागडा फिल्टर म्हणजे सर्वांत चांगला, हा समज चुकीचा. जुन्या ब्लोअरला त्यातून हवा ओढवत नाही, नळ्या जास्त तापतात, लिमिट स्विच पुन्हा पुन्हा आग तोडतो, आणि काही हिवाळ्यांनी धातू तडकतो. रिकाम्या खोल्यांच्या जाळ्या बंद करण्याची आपली काटकसरही हेच करते. भारतातून आलेले आईबाबा गेल्यावर त्यांच्या खोलीची जाळी बंद करून आपण बचत केली असं वाटतं. बचत होत नाही, कोंडी होते. फर्नेससमोरची जागाही मोकळी हवी, अडीच फूट तरी. बॅगा, तांदळाच्या गोणी आणि दिवाळीच्या आकाशकंदिलांची खोकी दुसऱ्या कोपऱ्यात. रंगाचे आणि पेट्रोलचे डबे तळघरातच नकोत.

उरला तपासायला येणारा माणूस. इथेही मिशिगनकडे एक गोष्ट आहे. हॉलंड गावात १९०६ मध्ये स्थापन झालेली हॉलंड फर्नेस कंपनी एकेकाळी देशभर गाजलेली. तिचे विक्रेते तपासनीस म्हणून घरात शिरत, भट्टी सुटी करत, ही धोकादायक आहे असं सांगत आणि पुन्हा जोडायला नकार देत. ऐन थंडीत घरमालक नवी भट्टी विकत घेई. फेडरल ट्रेड कमिशनने १९५८ मध्ये मनाई केली, कंपनीने जुमानली नाही, आणि शेवटी न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिच्या माजी अध्यक्षाला सहा महिन्यांची कैद झाली. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली.

अडचण अशी की त्या विक्रेत्यांचं वाक्य कधी कधी खरं असतं. तडकलेला हीट एक्सचेंजर खरोखर जीव घेऊ शकतो, आणि प्रामाणिक तंत्रज्ञालाही लाल कार्ड लावून गॅस बंद करावा लागतो. तेव्हा वाद घालू नका, पण तड दाखवायला सांगा. त्याच्याकडे नळ्यांत सोडायचा कॅमेरा असतो, धुराड्यात घालायचा विश्लेषक असतो. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा किती आला ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. हवेचं तापमान आत येताना किती आणि बाहेर पडताना किती, तेही; त्यातला फरक किती असावा हे फर्नेसच्या पाटीवर छापलेलं असतं. जो आकडे देतो त्याचं ऐका. जो नुसता मान हलवतो, त्याला चहा द्या, गॅस बंदच ठेवा, एका रात्रीपुरता विजेचा हीटर आणा आणि सकाळी दुसऱ्याला बोलवा.