कुरुंदवाडचे अण्णासाहेब आणि रयतेचा हिशेब

आजच्या शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडला 1878 साली जन्मलेले अण्णासाहेब लठ्ठे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याआधी ते ‘डेक्कन रयत’ या इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक होते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. माझ्या मते त्यांचा मंत्री म्हणून झालेला कारभार या संपादकपदाशिवाय उलगडत नाही. ब्राह्मणेतर शेतकऱ्याचे गाऱ्हाणे राज्यकर्त्यांना वाचता येईल अशा भाषेत मांडणे, हे त्या पत्राचे काम. पुढे केंद्रीय विधिमंडळात आणि 1937 साली खेर मंत्रिमंडळात गेल्यावर तेच काम त्यांनी कायद्याच्या अंगाने केले. अमेरिकेत ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली 1848 साली काँग्रेसमध्ये थोड्या काळासाठी गेले आणि सदस्य प्रवासभत्ता किती फुगवून घेतात, याची यादीच त्यांनी छापली. लठ्ठ्यांनी असा स्फोट घडवला नाही. पण पैसा कोणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न दोघांचाही होता.

सत्तेजवळ गेला की पत्रकार मिंधा होतो, हा आक्षेप इथे हमखास येतो. लठ्ठ्यांच्या बाबतीत तर तो जोरदार आहे: 1924 साली त्यांनी शाहू महाराजांचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि नंतर ते कोल्हापूरचे दिवाण झाले. पण त्याच दरबाराशी त्यांचे आधी किती बिनसले होते, हेही पाहिले पाहिजे. कोल्हापुरातल्या पुतळ्याला डांबर फासल्याच्या 1914च्या प्रकरणात लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून, पुढे रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या तरुण भाऊराव पाटलांचा पोलिसांनी छळ केला. भाऊराव बधले नाहीत. एवढे घडूनही लठ्ठ्यांनी महाराजांच्या सामाजिक कार्याचे मोल जाणले, याला मी लाचारी म्हणणार नाही.

मंत्री झाल्यावरही ते मिंधे झाले नाहीत, याचा खरा पुरावा 1939च्या अंदाजपत्रकात आहे. दारूबंदीने अबकारी उत्पन्न बुडणार होते. ती तूट भरताना लठ्ठ्यांनी मुंबई-अहमदाबादच्या इमारतींच्या वार्षिक भाडेमूल्यावर दहा टक्के कर बसवला. घरमालक खवळले. दारूबंदीच मुळात चुकली, असे कोणी म्हणेल, आणि त्यावर वाद घालता येईल. पण बोजा शहरातल्या मालमत्तेवर टाकायचा हे त्यांनी सभागृहात उघडपणे ठरवले, शेतसाऱ्याच्या आडून वसूल केले नाही. रयतेच्या संपादकाला हेच शोभणारे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, त्यामुळे पुढचे अंदाजपत्रक मांडायची वेळ त्यांच्यावर आली नाही.