२.१०.१६ गेली कुठे?

गिम्प या मोफत चित्रसंपादकाच्या जाहीर झालेल्या आवृत्त्या ओळीनं लावल्या तर मध्येच एक दात पडलेला दिसतो. २.१०.१४ नंतर एकदम २.१०.१८. १५ आणि १७ नाहीत याचं नवल नाही. विषम आकडे चालू कामासाठी आणि सम आकडे लोकांसाठी, असा तिथला रिवाज आहे. पण १६? ती तयार झाली होती. घोषणा व्हायच्या आत तिच्यात गंभीर बग निघाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १८ बाहेर आली. पुढं २०२१ मध्ये २.१०.२६ चीही तीच गत झाली.

नव्या आवृत्तीच्या घोषणेतल्या ‘किरकोळ दुरुस्त्या’ या शब्दांवर म्हणूनच फार विसंबू नये.

बगची दुरुस्ती तक्रारीपासून सुरू होते, पण ‘फाइल उघडली की बंद पडतं’ एवढ्या तक्रारीवर कुणालाच काही करता येत नाही. कोणती आवृत्ती, कोणती सिस्टिम, नेमकी कोणती फाइल? २०१८ मध्ये आलेल्या २.१० पासून गिम्प कोसळताना स्वतःच एक खिडकी उघडतं आणि कोणत्या फंक्शनमधून कुठे जाताना कोसळलं त्याची यादी देतं. ती तक्रारीत चिकटवायची. मग दुसऱ्या कुणीतरी आपल्या मशीनवर तोच बग मुद्दाम घडवून आणायचा. निम्मं काम इथंच अडतं. बग पूर्वी नव्हता असं कळलं, तर मधल्या बदलांचे निम्मे-निम्मे भाग करत शोधायचं. हजार बदलांतून गुन्हेगार साधारण दहा फेऱ्यांत सापडतो.

दुरुस्ती मात्र कधीकधी एका चिन्हाची असते. नोव्हेंबर २०२३ च्या २.१०.३६ मध्ये डीडीएस, पीएसडी आणि पीएसपी फाइली वाचणाऱ्या कोडमधल्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या. त्यातली पीएसपीची एक त्रुटी ‘एकानं चुकण्याची’ होती. २५६ खाने असले तर त्यांचे क्रमांक ० ते २५५. कोडनं २५६ या क्रमांकावर लिहिलं की ते शेजारच्या मेमरीत जाऊन पडतं. ‘पेक्षा कमी’ हवं तिथं ‘पेक्षा कमी किंवा समान’ लिहिणं, हे अशा चुकीचं नेहमीचं रूप. अनोळखी माणसानं मुद्दाम बिघडवून पाठवलेलं चित्र याच फटीतून पाठवणाऱ्याचा कोड चालवू शकतं.

३.० साठी तर तीन उमेदवार (चाचणीसाठीच्या) आवृत्त्या आधी लोकांच्या हाती दिल्या होत्या. ती १६ मार्च २०२५ ला आली, आणि आठवडाभरात ३.०.२ काढावी लागली.