व्यायामाआधीचे खाणे आणि ऊर्जेचा हिशेब

धावताना किंवा जोर-बैठका मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला फारच थोडा भाग नुकत्याच खाल्लेल्या अन्नातून येतो. बहुतेक ऊर्जा शरीराने आधीच साठवलेली असते. असे साठे मुख्यतः दोन, चरबी आणि ग्लायकोजेन. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगावर दहा-बारा किलो चरबी सहज असते. तिच्यात दडलेली ऊर्जा ऐंशी-नव्वद हजार किलोकॅलरींच्या घरात जाते, म्हणजे हिशेबापुरते हजार किलोमीटर धावायला पुरून उरेल इतकी. ग्लायकोजेन हा पिष्टमय साठा मात्र तुटपुंजा असतो. स्नायूंमध्ये ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम मिळून त्याची ऊर्जा दीड ते अडीच हजार किलोकॅलरी भरते. अडचण अशी की चरबीचे ज्वलन संथ असते. चालण्यासाठी ती पुरते, पण वेग वाढला की स्नायू ग्लायकोजेनकडेच वळतात. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरनंतर अनेकांचे पाय एकाएकी जड होतात, त्यामागे बहुधा हा साठा संपत आल्याचेच कारण असते.

रात्रभराच्या उपासाचा परिणाम या दोन ठिकाणच्या ग्लायकोजेनवर सारखा होत नाही. झोपेतही मेंदूला तासाला पाचेक ग्रॅम ग्लुकोज लागते आणि ते प्रामुख्याने यकृत पुरवते. त्यामुळे सकाळपर्यंत यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. स्नायूंकडे मात्र आपले ग्लुकोज रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकरच नसते. त्यांचा साठा त्यांच्यापाशीच राहतो आणि विश्रांतीत जवळपास जसाच्या तसा टिकतो. यातून निघणारा निष्कर्ष व्यायामाआधीच्या खाण्यावरच्या बहुतेक सल्ल्यांत हरवलेला असतो. सकाळचा नाश्ता मुख्यतः यकृताची भरपाई करतो आणि रक्तातली साखर सावरतो. स्नायूंची तयारी आदल्या दिवशीच्या जेवणांतून आधीच झालेली असते. रात्री नुसते सूप पिऊन झोपायचे आणि पहाटे एका केळ्यावर वीस किलोमीटर धावायचे, हे गणित जुळत नाही ते याचमुळे.

हे सगळे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये सॅम्युअल लेव्हाईन आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी शर्यत संपवणाऱ्या काही धावपटूंचे रक्त तपासले. जे गलितगात्र होऊन पोहोचले होते, त्यांच्या रक्तातली साखर बरीच खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना आधी भरपूर पिष्टमय आहार आणि वाटेत गोळ्या-चॉकलेटे देण्यात आली, तेव्हा ही घसरण टळली. स्नायूंच्या आत काय चालते हे पाहण्यासाठी मात्र स्नायूचा कण काढणारी सुई हाती यावी लागली. १९६६ मध्ये स्वीडनचे योनास बेरिस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी हा प्रयोग स्वतःवरच केला. एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकाच पायाने दमेपर्यंत पेडल मारले आणि पुढचे तीन दिवस पिष्टमय आहार घेतला. दोन्ही मांड्यांतले नमुने तपासले, तेव्हा दमवलेल्या पायातले ग्लायकोजेन न दमवलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झालेले दिसले. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने आहार आणि दमसास यांचा थेट संबंध मोजला. एकाच तीव्रतेने सायकल चालवताना चरबी-प्रथिनांच्या आहारानंतर माणसे सुमारे तासाभरात थकली, मिश्र आहारानंतर दोन तासांच्या आतबाहेर टिकली आणि पिष्टमय आहारानंतर अडीच तासांच्याही पुढे गेली. लांब पल्ल्याच्या शर्यतीआधी भात, बटाटे किंवा पास्ता खाण्याची पद्धत या संशोधनावर उभी आहे.

प्रत्यक्षात किती आणि केव्हा खायचे, याचे उत्तर व्यायामाच्या लांबीवर ठरते. तासाहून जास्त चालणाऱ्या व्यायामासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २०१६ च्या निवेदनात वजनाच्या दर किलोमागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदके, एक ते चार तास आधी, असे प्रमाण दिले आहे. वेळ जितका कमी उरला असेल तितके प्रमाण कमी. साठ किलोच्या माणसाला तासभर आधी साधारण ६० ग्रॅम म्हणजे एक बशी पोहे आणि एक लहान केळे. तीन तास हाताशी असतील तर भात-वरण किंवा भाकरी आणि साधी भाजी असे पोटभर जेवणही चालते. मुंबई मॅरेथॉनसारखी शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते. त्यासाठी रात्री दोनला उठून जेवणे कुणालाच झेपणार नाही. अशा वेळी भार आदल्या दिवसावर टाकून पहाटे केळे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू किंवा जॅम लावलेला पाव एवढ्यावर भागवणे शहाणपणाचे ठरते.

इथे पदार्थाच्या पौष्टिकतेपेक्षा तो पोटातून किती लवकर पुढे सरकतो, याला महत्त्व असते. स्निग्ध पदार्थ आणि चोथा जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. जोराच्या व्यायामात रक्त स्नायूंकडे वळते, आतड्यांकडे जाणारा प्रवाह घटतो आणि अर्धवट पचलेले अन्न मग मळमळ, पोटदुखी, कळा अशा रूपांनी त्रास देते. म्हणून एरवी आरोग्याला उत्तम असलेली मोड आलेल्या कडधान्यांची उसळ तासभर आधी नकोच. मिसळ आणि वडापावाची जागा तर निःसंशय व्यायामानंतरची. कोल्हापूरच्या तालमींतही पैलवानाची बदाम घोटून केलेली थंडाई मेहनत झाल्यावर प्यायली जाते. वस्तादांच्या अनुभवाने ठरलेला हा क्रम शरीरशास्त्राला धरूनच आहे.

व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास गोड खाऊ नये, हा सल्ला १९७९ सालच्या एका अमेरिकी प्रयोगातून रूढ झाला. त्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज आधी प्यायलेले सायकलपटू लवकर थकले. साखर खाल्ल्यावर इन्सुलिन वाढते, त्यातच स्नायूही ग्लुकोज ओढू लागतात आणि रक्तातली साखर काही काळ खाली जाते, हे खरे आहे. पण नंतरच्या बहुतेक प्रयोगांत ही घसरण अल्पकाळाची निघाली आणि कामगिरीवर तिचा वाईट परिणाम दिसला नाही. काही मोजक्या लोकांना मात्र गरगरते, हात थरथरतात. त्यांनी गोड पदार्थ अगदी सुरू करण्याच्या पाच-दहा मिनिटे आधी घ्यावा किंवा वेळ असेल तर पोळी-भाकरीवर भर द्यावा.

पाऊण तासाच्या आतला व्यायाम, रोजची फेरी, सूर्यनमस्कार, योगासने यांसाठी खास काही खाण्याची गरज नसते. साठा तेवढ्यासाठी पुरेसा असतो. २००४ च्या एका ब्रिटिश प्रयोगात तर तासाभराच्या सायकलिंगमध्ये पिष्टमय द्राव नुसता तोंडात खळखळवून थुंकला, तरी वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारली. म्हणजे तोंडातून मेंदूला मिळणारी खूणसुद्धा काम करते. रिकाम्या पोटी व्यायाम केला की त्या तासात चरबी जास्त जळते, हेही खरे. पण दिवसभराचे एकूण खाणे तेवढेच ठेवले, तर वजन घटण्यात फरक पडत नाही. जाहिराती या दुसऱ्या वाक्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत.

कॅफीन ऊर्जा देत नाही, थकव्याची जाणीव कमी करते. परिणामासाठी दर किलोमागे सुमारे ३ मिलिग्रॅम, तासभर आधी, लागते. त्या मानाने कटिंग चहातले कॅफीन फारच कमी. बीटच्या रसातले नायट्रेट दोन-तीन तासांनी स्नायूंची प्राणवायूची गरज थोडी घटवते. पण त्याचे नायट्राइट करणारे जिवाणू जिभेवर असतात, म्हणून जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली की रस बराचसा वाया जातो. पाणी दोन ते चार तास आधी दर किलोमागे ५ ते १० मिलिलीटर, म्हणजे साठ किलोला दीड ते तीन पेले.

मधुमेहींचा हिशेब वेगळा आहे. इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, कधी व्यायामानंतर काही तासांनीही. सुरुवातीलाच ती ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके घेऊनच सुरुवात करावी, असे सांगितले जाते. औषधाची मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावे लागते.