पोटाचा सांगावा

लग्नाच्या पंगतीत वाढपी वड्यांची परात घेऊन येतो आणि जेवणारा ताटावर हात आडवा धरतो. अमरावती-अकोल्याकडे त्या हाताला कोणी जुमानत नाही, आग्रह चालूच राहतो. पण तो हात कोणाच्या सांगण्यावरून आडवा होतो? हा शोध गेली पन्नास वर्षे उंदरांच्या पिंजऱ्यांत चालू आहे.

१९७३ साली न्यूयॉर्कमध्ये गिब्ज, यंग आणि स्मिथ यांनी उपाशी उंदरांना कोलेसिस्टोकायनिन टोचले. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने लहान आतड्यात पोचली की हे संप्रेरक स्रवते. उंदीर एरवीपेक्षा लवकर खायचे थांबले. पोटाकडून मेंदूला जाणारी व्हेगस नस तोडली, की हा परिणाम नाहीसा होई. सांगावा त्याच वाटेने जात होता. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो १९८४चा प्रयोग. दर जेवणाला हे संप्रेरक मिळणारे उंदीर एका वेळी थोडे खात, पण खाण्याच्या वेळा वाढवत. वजन फारसे हलले नाही. लठ्ठ माणसाला "तोंडावर ताबा ठेव" म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावेसे वाटते.

भुकेची हाक देणारे घ्रेलिन १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना उंदराच्याच जठरात सापडले. जेवल्यावर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-१ हे संप्रेरक उलट काम करते: १९९६ साली लंडनमध्ये ते उंदरांच्या मेंदूत सोडले, तेव्हा खाणे आटले. रक्तात ते दोनेक मिनिटेच टिकते. वजन उतरवणारी, आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शने ही त्याचीच टिकाऊ नक्कल आहे.

आपल्याजवळचे काम नागपूरचे. विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात सुभेदार, कोकारे आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या 'कार्ट' या भूक शमवणाऱ्या पेप्टाइडचा पाठपुरावा केला. २०११च्या त्यांच्या अभ्यासात एकटे ठेवलेले उंदीर जास्त खाऊ लागले, वजनही वाढले. सांगावा आतड्याचा असला, तरी ऐकणारा मेंदू एकटेपणाने बदलतो.

पुण्यातल्या उंदरांची गोष्ट मात्र मन अस्वस्थ करते. पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढवलेल्या या उंदरांवरचा हार्डीकर, याज्ञिक आदींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुढे दोन पिढ्या पोटभर खाऊ घालूनही मधुमेहाकडचा त्यांचा कल गेला नाही.

हे वाचताना मला अमरावती जिल्ह्यातला मेळघाट दिसतो. धारणी-चिखलदऱ्यात अंगणवाडीच्या काट्यावर बाळाचा जो आकडा येतो, त्यात आजी-पणजीची उपासमारही असू शकते. तेच बाळ मोठे होऊन अमरावतीच्या वसतिगृहात येते, समोसा-बिस्किटांवर दिवस काढते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी जेवल्यावर त्याच्या रक्तात जीएलपी-१ किती चढते आणि मैद्यावर किती, हे आपल्याच वैद्यकीय महाविद्यालयांनी मोजावे. रक्ताचे नमुने घ्यायला धारणीपासून सुरुवात करावी.