एका गिटारचे अनेक आवाज

विजेवर वाजणारी गिटार हा विषय वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कोठून आला, असे काही श्रोत्यांना वाटेल. परंतु सेंट फ्रान्सिस द सेल्स आणि ऑल सेंट्स ही दोन कॅथेड्रले ज्या सदरमध्ये आहेत, तेथील माणसाला हे वाद्य परके नाही. नाताळच्या गाण्यांपासून लग्नाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत ते कानावर पडतेच. या ऑर्केस्ट्रातल्या वादकाचा प्रश्न साधा आहे. एका रात्रीत त्याला नाजूक भावगीतही वाजवायचे असते आणि धडाक्याचे सिनेगीतही. आवाज तीन हवेत आणि तीन गिटारी घेण्याची ऐपत नाही. तेव्हा एकाच गिटारमधून अनेक आवाज काढणे हा त्याच्या हौसेइतकाच पोटाचाही प्रश्न आहे.

विजेच्या गिटारचा कान म्हणजे पिकअप. तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. या वायरची जाडी सुमारे ०.०६ मिलिमीटर. पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली सिद्ध केलेला नियम तो हाच. आपल्या कोराडीच्या वीजकेंद्रातले जनित्रही त्याच नियमावर चालते. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर हा कान बहिरा होतो. पिकअप घोडीजवळ असेल तर आवाज धारदार येतो, दांडीजवळ असेल तर गोल व भरीव. वेढे वाढवले तर आवाज मोठा होतो, पण त्यातली चमक कमी होते.

या कानाला एक खोड आहे. तो तारेबरोबर घरातली वीजही ऐकतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिची घुरघुर ध्वनिवर्धकातून बाहेर पडते. गिब्सन कारखान्यातले सेथ लव्हर यांनी यावर जोड पिकअपचा उपाय केला. पेटंटसाठी अर्ज १९५५ साली झाला आणि पेटंट १९५९ साली मिळाले. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवायच्या, दुसरीची जोडणी उलटी करायची आणि तिचा चुंबकही उलटा ठेवायचा. बाहेरून येणारी घुरघुर चुंबकाला जुमानत नाही; ती एकीत सुलटी, दुसरीत उलटी उमटते आणि परस्पर मिटते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलटाच राहतो व त्याची बेरीज होते.

आता फेरफाराकडे वळू. अशा पिकअपमधून चार वायरी बाहेर काढलेल्या असतील, म्हणजे प्रत्येक गुंडाळीची दोन्ही टोके हाती असतील, तर एका सहा पायांच्या स्विचवर पुष्कळ काही करता येते. पहिला प्रकार : दोन गुंडाळ्यांचा सांधा अर्थला जोडायचा. एक गुंडाळी गप्प होते, आवाज पातळ व स्वच्छ होतो. मात्र घुरघुर परत येते. दुसरा प्रकार : एकामागून एक जोडलेल्या गुंडाळ्या समांतर जोडायच्या. प्रत्येकीचा रोध ४ हजार ओहम असेल, तर आधी एकूण ८ हजार होता तो आता २ हजार होतो. आवाज थोडा लहान पण उजळ होतो, आणि घुरघुर मिटलेलीच राहते. आमच्या मते वादकाने आधी हाच प्रकार करावा. तिसरा प्रकार : दोन पिकअप एकदम चालू असताना एकाची टोके अदलाबदल करायची. खालचे सूर बरेचसे एकमेकांना खातात आणि नाकात बोलल्यासारखा आवाज उरतो. येथे एक सावधगिरी हवी. पिकअपचे धातूचे झाकण अर्थच्या टोकालाच जोडलेले असेल, तर ते आधी सुटे करून वेगळे अर्थ करावे. नाहीतर झाकणच घुरघुर पकडू लागते.

अर्थची वायर कोणीही, कधीही कापू नये. गिटारच्या तारा या वायरीनेच ध्वनिवर्धकाच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. मंडपात अर्थिंग नसेल, तर एक हात तारांवर आणि ओठ मायक्रोफोनवर असलेला वादक विजेच्या वाटेत उभा राहतो. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनमुळे रंगमंचावरच मृत्यू पावला. वादकाने बिदागीबरोबरच अर्थिंग केलेला प्लग मागून घ्यावा. तो त्याचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नव्हे.

कामगारांत आयुष्य घालवलेल्या आम्हांला या इतिहासात आणखी दोन गोष्टी दिसतात. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली निघाली तेव्हा तिच्यात तीन पिकअप आणि तीन जागांचा स्विच होता. वादकांनी तो स्विच दोन जागांच्या मध्येच अडकवून नवे आवाज शोधले. कारखान्याने पाच जागांचा स्विच दिला तो १९७७ साली! म्हणजे वापरणाऱ्याचा हात पुढे आणि कारखाना मागे. दुसरी गोष्ट अशी की, त्याच कारखान्यात पिकअप गुंडाळणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. अबिगेल इबारा १९५६ साली तेथे कामाला लागल्या आणि २०१३ साली निवृत्त झाल्या. त्यांच्या हाताने गुंडाळलेले पिकअप वादक आज शोधत फिरतात. गिटारच्या माथ्यावर नाव मात्र कंपनीचेच असते.

आपल्या शहरात जळलेल्या मोटारी उकलून पुन्हा गुंडाळणारे कारागीर आहेत. वायर त्यांची जाड, पण विद्या हीच. वेढे मोजणे, टोके ओळखणे, सांधा झाळणे हे ज्यांना येते, त्यांना पिकअप हे गूढ वाटण्याचे कारण नाही. सदरच्या वादकाने त्यांच्या दुकानाची पायरी चढावी. कान वादकाचा आणि हात कारागिराचा, असे दोघे एकत्र बसले तर जुन्या गिटारमधून नवे आवाज निघतील, आणि दोघांचीही मिळकत थोडी वाढेल.