बाळंतपणाचा जमाखर्च

आपण जिला बाळंतीण म्हणतो, तिला कानडीत बाणंती म्हणतात. शब्द जवळजवळ तोच, फक्त जीभ वेगळी वळते. माझे माहेर निपाणीचे, मराठी. सासर संकेश्वरजवळचे, कानडी. त्यामुळे गेल्या वर्षी माझ्यासाठी दोन डबे भरले गेले. आईने अळिवाचे आणि डिंकाचे लाडू केले, अत्तींनी अंटिन उंडी पाठवली. आमच्याकडे सासूबाईंना अत्ती आणि सासऱ्यांना मावा म्हणतात. दोन्ही डब्यांत डिंक, खोबरे, खारीक तेच होते. अत्तींचा गुळाचा हात जरा सढळ, एवढाच फरक. कोणाचे जास्त आवडले हे मी अजून कोणालाच सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही.

तीन महिन्यांत डबे संपले आणि लेकीला घेऊन आम्ही सिल्वासाला परतलो. तिथून पुढे जो हिशेब सुरू झाला, तो इथे मांडते आहे. आपल्या भागातली कितीतरी घरे आज पुणे, गोवा, वापी, सिल्वासा अशी पांगली आहेत. पहिले मूल झाले की या प्रत्येक घरात तोच प्रश्न येतो : बाईने नोकरीवर परत जायचे, तर मूल कोणापाशी?

सिल्वासा हे दमणगंगेकाठचे गाव. पोर्तुगीजांकडून ते सुटले २ ऑगस्ट १९५४ रोजी. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसे होती, हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे करसवलतींमुळे इथे कारखाने आले. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली हा दमण-दीवशी जोडलेला केंद्रशासित प्रदेश आहे. गावात रेल्वे नाही, वापीला उतरावे लागते. माझे पती पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यात फिटर आहेत, त्यांना पाळ्या असतात. मी दुसऱ्या एका कंपनीत माल रवाना करण्याच्या खात्यात बिले आणि ई-वे बिले करते.

लेक २०२५ च्या मार्चमध्ये निपाणीला झाली. रजेचा कायदा मी आधीच वाचून ठेवला होता. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात १ एप्रिल २०१७ पासून बदल झाला आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मी चारच घेतले, म्हणजे बाळासाठी २२ उरले. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की हा हक्क लागू होतो. आधीच्या काळाचे पैसे आगाऊ आणि उरलेले जन्माचा दाखला दिल्यावर ४८ तासांत द्यायचे असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण या सगळ्या तरतुदी तिथेही तशाच आहेत.

आमच्या हिशेबनिसांनी रविवार वगळून पैसे काढायला घेतले होते. हा वाद फार जुना. कोईमतूरच्या कामगार न्यायालयातून वर गेलेल्या, मळ्यातल्या एका बाईच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितले आहे की आठवडा म्हणजे सात दिवस, रविवार धरून. तो निकाल मी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, वाचला आणि १८२ दिवसांचे पैसे काढले. माणूस वाईट नव्हता, पण कोणी विचारलेच नव्हते.

खरा पेच ऑगस्टमध्ये आला. रजा संपत आली होती. संकेश्वरहून फोन आला की कूसाला, म्हणजे बाळाला, अत्तींपाशी ठेवा, तीन वर्षांची झाली की घेऊन जा. यात कोणाचा कठोरपणा नव्हता. सिल्वासातल्या आमच्या ओळखीच्या चार घरांपैकी दोघांची मुले गावी आजीकडेच वाढताहेत. वर्षातून दोनदा आईबाप जातात, मूल आईला पाहून आजीच्या पदराआड लपते आणि आई हसत हसत बॅग उघडून खाऊ काढते. मी ते पाहिले आहे. मला ते नको होते. दुसरा मार्ग नोकरी सोडण्याचा. "पाळणाघर, रिक्षा, औषधं धरता तुझ्या पगारातून उरतं काय?" असे मला तिघांनी विचारले. तिघेही पुरुष होते, हे जाता जाता.

तेव्हा एका रात्री आम्ही दोघे वही घेऊन बसलो. माझ्या हातात येतात २२,७०० रुपये. मूळ पगार १५,०००, त्याच्या १२ टक्क्यांनी दरमहा १,८०० रुपये माझे भविष्यनिर्वाह निधीत जातात. मालकही तेवढेच भरतो; त्यातले १,२५० पेन्शनकडे आणि ५५० निधीत. पेन्शनला दहा वर्षे नोकरी लागते. ग्रॅच्युइटीला पाच लागतात आणि माझी चार वर्षे व काही महिने झाले होते. प्रसूतीची २६ आठवड्यांची रजा सलग नोकरीतच धरली जाते. म्हणजे त्या ऑगस्टमध्ये राजीनामा दिला असता तर पाच वर्षांच्या ग्रॅच्युइटीचे सुमारे ४३,००० रुपये हातचे गेले असते. पगारातून काय उरते असे विचारणारे फक्त हातात पडणारी रक्कम मोजतात.

मग खर्चाची बाजू. खासगी पाळणाघरवाले वर्षाच्या आतले मूल घेत नव्हते. राहिला एकच मार्ग, अत्तींनी इथे यायचे. आता यात खर्च कुठला, असे वाटेल. पण अत्ती गेल्या तर मावा एकटे राहणार. त्यांचा शेजारच्या घरून डबा लावायचा तर महिना २,५००. दारातल्या दोन म्हशींचे दूध डेअरीला जात होते. सगळे अत्तींच्या हातचे, पेंड-वैरण वजा जाता महिन्याला साडेचार हजार सुटत. मावांच्या गुडघ्यांना धारा काढणे जमत नाही, म्हणजे म्हशी विकायच्या. माझी रिक्षा आणि वरखर्च २,५००. बेरीज ९,५००. पगारातून वजा जाता राहिले १३,२००. आमच्या खोलीचे भाडे ८,००० आणि गावच्या सोसायटीचा हप्ता ५,०००, म्हणजे तेवढ्यात ते दोन्ही बसते. नोकरी टिकवायची असे ठरले.

अत्ती सप्टेंबरमध्ये आल्या. म्हशी विकल्या त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, हे मला नंतर मावांकडून कळले.

पहिल्याच महिन्यात मी ४,५०० रुपये अत्तींच्या खात्यावर टाकले. त्यांच्या स्वतःच्या, संकेश्वरच्या बँकेतल्या. घरात वादळ. पती म्हणाले, लोक काय म्हणतील, सून सासूला पगार देते? नणंदेने तर फोनवर रडूनच घेतले. अत्ती म्हणाल्या, "मोम्मगळ्न नोडाक रोक्का यातक्क?" नातीला सांभाळायला पैसे कशाला? मी म्हटले, अत्ती, हा पगार नाही, हे दुधाचे पैसे आहेत. तुमची डेअरीची पट्टी दर दहा दिवसांनी तुमच्या हातात पडत होती. त्यातून तुम्ही कोणाला न विचारता बांगड्या भरत होता, यात्रेला जात होता. माझ्या नोकरीसाठी ती बंद झाली. त्या काही बोलल्या नाहीत, पण पासबुक मागवून घेतले. माझे अजूनही ठाम मत आहे की आजीचे सांभाळणे फुकट धरून केलेला हिशेब हा खोटा हिशेब. नात्याची किंमत करू नये हे खरे. पण बुडालेली मिळकत तरी मोजावी.

कंपनीत वेगळीच गंमत. पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर हवे. ही पन्नास माणसे बायका-पुरुष मिळून, फक्त बायका नव्हेत. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आले पाहिजे आणि मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्या. आमच्याकडे दारावर पाळणाघर अशी पाटी होती आणि आत धाग्याच्या कोनांचे खोके छतापर्यंत. मी अर्ज लिहिला. पॅकिंगमधल्या सात बायकांनी सह्या केल्या. त्यातल्या पाच ठेकेदाराच्या. आपल्याला हे लागू नाही असे त्या समजत होत्या; पण दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या बायकांच्या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने रोजंदारीच्या बायकांनाही प्रसूतिलाभाचा हक्क मान्य केला आहे. अडीच महिन्यांनी खोके हलले. आता तिथे दोन मुले असतात, एक वारली आणि एक बिहारी. माझी लेक घरीच असते, मी दोन सुट्या जेवणाच्या वेळेला जोडून घरी येते.

मालकांची बाजू मात्र अगदीच खोटी नाही. पगार २१,००० पर्यंत असेल आणि राज्य कामगार विमा लागू असेल, तर रजेचा पगार महामंडळ देते. त्यावरच्या बाईचा सगळा भार एकट्या मालकावर येतो. मग लहान कारखानदार नव्या लग्नाच्या मुलीला घ्यायला कचरतो, उघड बोलत नाही इतकेच. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्हटले होते की आईला आधी व नंतर विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, त्यामुळे हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा. १९२९ चा तो कायदा मुंबई इलाख्याचा, म्हणजे तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्याच्याही सरकारचा. सिल्वासात तेव्हा पोर्तुगीज होते. भार कोणाचा, हा प्रश्न अजून तिथेच आहे.

माझी आजी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत होती. तिथल्या बायकांच्या संघटनेवर युगांतर गटाने १९८२ मध्ये 'तंबाकू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. माझ्या वडिलांच्या वेळी आजी विसाव्या दिवशी वखारीत गेली होती. माझ्या २६ आठवड्यांचे ऐकून तिने विचारले, "आणि पगार कापत न्हाईत?" मी दोनदा सांगितले तरी तिचा विश्वास बसला नाही.

खालच्या खोलीतली मुलगी बांधकामावर जाते. तिला रजा कसली? तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे : पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, दोन हप्त्यांत. दुसरे मूल मुलगी असेल तर ६,०००. पगारी रजा मिळणाऱ्या माझ्यासारखीला ते मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. अंगणवाडीत तिचा अर्ज अत्तींनीच भरवला. एक कानडी, एक वारली. दोघी मोडक्या हिंदीत तासभर बोलत होत्या. आधार कार्ड, बँकेचे खाते, जच्चा-बच्चाचे कार्ड, सगळे अत्तींनी पिशवीत घालून दिले.

लेक आता वर्षाची झाली. पतींना रात्रपाळी असली की दुपारी चार ते सात ती त्यांच्याकडे असते आणि अत्ती तेवढ्या वेळात पाय मोकळे करायला नदीकडे जातात. लेक अत्तींना अव्वा म्हणते, मलाही अव्वाच म्हणते. मावांचा डबा चालू आहे, पण परवा फोनवर ते म्हणाले की शेजारीण भाजीत मीठ जास्त घालते. उसाचे बिल आले की त्यांना महिनाभर इकडे बोलवायचे आहे. गोठा रिकामा असल्याने आता ते निघू शकतात. अत्तींचा बेत वेगळाच आहे. गेल्या रविवारी पासबुक पुढ्यात ठेवून त्यांनी मावांना विचारले, मुऱ्हा म्हशीचा भाव सध्या काय चालला आहे?