पाठीचे माप घ्या, मग सॅक घ्या

अकोले तालुक्यातील राजूर ही डोंगराच्या तोंडाशी वसलेली बाजारपेठ आहे. पुण्याकडून संगमनेर-अकोलेमार्गे येणारा माणूस राजूरवरूनच भंडारदऱ्याकडे आणि हरिश्चंद्रगडाच्या पाचनई गावाकडे वळतो. मुंबई-नाशिकची मंडळी घोटी-बारी मार्गाने शेंडीला उतरतात. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (1646 मीटर), रतनगड, साम्रदची सांदण दरी, हरिश्चंद्रगड अशी सगळी ठिकाणे याच टापूत आहेत. पावसाळ्यापूर्वी काजवे पाहायला, पावसात धबधबे पाहायला आणि हिवाळ्यात गड चढायला माणसांची रीघ लागते. या प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक असते. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी या सॅककडे दोन नजरांनी पाहावे, असे आम्हाला वाटते. एक, स्वतः डोंगरात जाणाऱ्याच्या नजरेने. दुसरी, ती विकणाऱ्या, शिवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या उस्तादाच्या नजरेने.

बॅगांच्या दुकानात सॅक बहुधा रंग, खिसे आणि किंमत पाहून विकली जाते. गिऱ्हाईक आरशासमोर रिकामी सॅक पाठीला लावून पाहते, छान दिसते म्हणते आणि पैसे मोजते. दुसऱ्या दिवशी तीच सॅक दहा किलोने भरून तो गड चढू लागतो. तासाभरात खांदे भरून येतात, मान आखडते, कंबर धरते. दोष माणसाचा नसतो आणि पुष्कळदा सॅकचाही नसतो. दोष मापाचा असतो. आठ नंबरचा पाय सहा नंबरच्या बुटात घातल्यावर जे होते तेच येथे होते. फरक एवढाच की बूट दुकानातच चावतो आणि सॅक डोंगरावर गेल्यावर चावते.

ओझे कोणत्या हाडावर?

सर्व गोष्टीचे मूळ येथे आहे. खांदा हा ओझे पेलण्यासाठी बनलेला अवयव नाही. तेथील स्नायू लवकर थकतात आणि पट्टा रुतला की हाताला मुंग्या येतात. कमरेचे हाड मात्र पायांवर सरळ टेकलेले आहे. म्हणून चांगल्या सॅकला रुंद, गादीचा कमरपट्टा असतो आणि नीट बसलेल्या सॅकमध्ये भाराचा मोठा हिस्सा, साधारण 70 ते 80 टक्के, कमरेवर उतरतो. खांद्यावरचे पट्टे फक्त सॅक पाठीला धरून ठेवण्याचे काम करतात.

ही युक्ती फार जुनी नाही. अमेरिकेत डिक केल्टी नावाच्या गृहस्थाने 1952 मध्ये घरच्या घरी सॅकचा धंदा सुरू केला. ॲल्युमिनियमची चौकट तो बनवी आणि पिशवी त्याची पत्नी शिवे. भार कमरेवर घेण्याची पद्धत अशा सॅकमुळेच सर्वसामान्यांत रुजली. 1967 मध्ये ग्रेग लो याने चौकट पिशवीच्या आत नेली आणि आजच्या सॅकचा आकार ठरला. पुढे 1992 मध्ये रे जार्डिन याच्या पुस्तकाने हलक्या सामानाची चळवळ फोफावली. तो स्वतःची सॅक स्वतः शिवत असे. त्याच्याही आधी, 1955 साली, एमा गेटवूड नावाच्या 67 वर्षांच्या बाईने खांद्यावर घरी शिवलेली एक साधी पिशवी टाकून अमेरिकेतील तीन हजार किलोमीटरहून लांबीची ॲपलाचियन वाट एकटीने चालून पुरी केली. आमच्या कारागिरांनी ध्यानात घ्यावे की या धंद्याची सुरुवात कारखान्यात नव्हे, तर शिलाई मशीनवर झाली आहे.

पाठीचे माप कसे घ्यावे?

पहिली चूक उंची पाहून सॅक देण्याची होते. पाच फूट आठ इंच उंचीच्या दोन माणसांपैकी एकाचे पाय लांब असतील, दुसऱ्याची पाठ. सॅकला पायाशी देणेघेणे नाही. माप पाठीचे घ्यायचे आणि ते कोणताही शिंपी आपल्या टेपने दोन मिनिटांत घेऊ शकतो.

गिऱ्हाइकाला मान पुढे झुकवायला सांगावे. मानेच्या मुळाशी जे हाड ठळक वर येते, तो वरचा बिंदू. नंतर त्याने दोन्ही हात कमरेच्या हाडावर असे ठेवावेत की अंगठे मागे येतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्याला जेथे छेदते, तो खालचा बिंदू. माणसाने ताठ उभे राहावे आणि कण्याच्या वळणावरून टेप टाकावी. साधारणपणे 43 सेंटिमीटरपर्यंत (सुमारे 17 इंच) लहान, 43 ते 48 सेंटिमीटर मध्यम आणि त्यापुढे मोठे माप धरतात. प्रत्येक कंपनीची पट्टी थोडी वेगळी असते, म्हणून तिचा तक्ता अवश्य पाहावा. कमरपट्ट्यासाठी कमरेच्या हाडावरून वेगळा घेर घ्यावा. पँटचे माप येथे चालत नाही.

स्त्रियांची पाठ बहुधा आखूड आणि खांदे अरुंद असतात. त्यांच्यासाठी वळणदार पट्ट्यांची वेगळी सॅक मिळते. ती नसेल तर लहान मापाची द्यावी. पुरुषी मोठी सॅक आवळून देऊ नये.

दुकानात बसवून पाहण्याची रीत

रिकामी सॅक कोणालाही बसते. म्हणून आत सहा ते आठ किलो वजन घालावे. तांदळाच्या किंवा ज्वारीच्या पिशव्या दुकानदाराकडे असतातच. सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्यावी आणि पुढील क्रम पाळावा.

प्रथम कमरपट्टा. त्याची वरची कड कमरेच्या हाडाच्या इंचभर वर यावी, म्हणजे गादीचा मध्य हाडावर बसतो. पट्टा पोटावर चढला तर श्वास कोंडतो, खाली घसरला तर मांडी उचलताना अडतो. बक्कल आवळल्यावर दोन्ही बाजूंना पट्टी शिल्लक राहिली पाहिजे.

दुसरे, खांद्याचे पट्टे. ते खांद्यावरून मागे वळताना अंगाला लागून असावेत, मध्ये फट नको. पट्टा सॅकला जेथे शिवलेला आहे ती जागा खांद्याच्या माथ्यापासून एक-दोन इंच खाली असावी. फट पडली तर सॅक लांब आहे. पट्टे खांद्यावर दाबून बसले आणि कमरपट्टा वर ओढला गेला तर सॅक आखूड आहे.

तिसरे, खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारी बारीक पट्टी. ती 30 ते 45 अंशांत तिरपी असावी. ओढली की सॅकचा माथा पाठीकडे येतो. फार छोट्या सॅकला ती नसते, तेथे हरकत नाही.

चौथी, छातीची पट्टी. गळ्याच्या हाडाखाली इंच-दोन इंचांवर, सैलसर. ती आवळून ओझे धरायचे नसते.

यानंतर गिऱ्हाइकाला पंधरा मिनिटे फिरू द्यावे. पायऱ्या चढाव्यात, वाकावे, वर पाहावे. डोके मागे नेताना सॅकला लागू नये. घाईच्या वेळी ही पंधरा मिनिटे दुकानदाराला जड वाटतील. परंतु सॅक परत घेऊन येणारे गिऱ्हाईक त्याहून जड पडते.

किती लिटरची, किती वजनाची?

पहिली सॅक घेणारा बहुधा गरजेपेक्षा मोठी घेतो. मोठी सॅक रिकामी राहत नाही. माणूस ती भरतोच. एका दिवसासाठी 20 ते 30 लिटर पुष्कळ होते. एक-दोन मुक्कामांसाठी 35 ते 45 लिटर. 60 लिटरची सॅक लांबच्या, थंड मुलखातील प्रवासासाठी. आधी सामान जमवावे, जमिनीवर मांडावे आणि शेवटी त्याला पुरेल एवढी सॅक घ्यावी. चिठ्ठीवरील लिटर खरे की खोटे हे टेपनेच कळते. लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागावे. 55 गुणिले 30 गुणिले 22 म्हणजे 36 लिटर. काही ठिकाणी बाहेरचे खिसेही धरून आकडा फुगवलेला असतो.

भरलेली सॅक अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नसावी. साठ किलोच्या माणसाला बारा किलो ही हद्द झाली. हरिश्चंद्रगडावरील एका मुक्कामाचा हिशेब पाहा. सॅक 1.2 किलो, झोपायची पिशवी 1.2, चटई 0.4, कपडे 1.3, रेनकोट 0.5, बॅटरी-औषधे-ताटली 0.8, खाणे 1.2 आणि पाणी तीन लिटर. एकूण 9.6 किलो. यात सॅक जर अडीच किलोची घेतली, तर भार 1.3 किलोने वाढला, म्हणजे पाण्याच्या सव्वा बाटलीएवढा भार पिशवीनेच खाल्ला. खालच्या गावांत घरगुती जेवण मिळते. तेथे जेवल्यास खाण्याचा भार कमी होतो आणि गावकऱ्याच्या हाती चार पैसे पडतात.

हलकी सॅक म्हणजे मात्र कमजोर सॅक नव्हे. ज्या सॅकमध्ये चौकट किंवा पाठीचा ताठ पत्राच नाही ती सात-आठ किलोपर्यंत ठीक. त्याहून जास्त भार असेल तर आत ॲल्युमिनियमची पट्टी किंवा प्लॅस्टिकचा ताठ पत्रा हवा. त्याशिवाय भार कमरेपर्यंत पोहोचत नाही.

या मुलखाची एक खास अट आहे. कळसूबाई व रतनगडावर लोखंडी शिड्या आहेत आणि सांदण दरी अतिशय अरुंद आहे. बाजूला फुगलेली, बाहेर भांडी-चपला लटकावलेली सॅक येथे माणसाला मागे खेचते किंवा खडकात अडकते. सॅक अंगापेक्षा रुंद नसावी आणि जड वस्तू पाठीला लागून, मधोमध भराव्यात. पाऊस या टापूत मुसळधार असतो. वरून घालायचे आवरण वाऱ्याने उडते आणि पाठीकडून पाणी शिरतेच. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचे तोंड पिळून ठेवणे हा स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे.

कापड आणि शिलाई

कापडाच्या चिठ्ठीवर डेनियरचा आकडा असतो. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. पहिल्या सॅकसाठी 210 ते 420 डेनियरचे नायलॉन चांगले. 100 च्या आसपासचे फार हलके असते, पण करवंदीच्या जाळीत टिकत नाही. तळाला जाड कापड असावे.

सॅक कापडापेक्षा शिलाईत आधी उसवते. म्हणून ती उलटी करून पाहावी. खांद्याच्या पट्ट्याच्या मुळाशी एकच टीप आहे की दाट आडवे टाके घातलेले आहेत? कापडाच्या कडा पट्टीने बांधलेल्या आहेत की सुतळ्या निघत आहेत? धागा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा हवा. सुती धागा पावसात कुजतो. चेनचा रनर भरलेल्या सॅकवर चालवून पाहावा.

रोजीची बाजू

धारावी-मदनपुऱ्याच्या कारखान्यांत आमच्या कित्येक कारागिरांनी बॅगा शिवून हात बसवला आहे. तोच हात राजूर-अकोल्यासारख्या ठिकाणी उपयोगी पडू शकतो. उसवलेला पट्टा, तुटलेले बक्कल, गेलेला रनर या तीन दुरुस्त्यांना जड मशीन, चार मापांची बक्कले, 20 व 25 मिलिमीटर पट्टीचे रीळ आणि चांगला धागा एवढेच भांडवल लागते. शनिवारी सकाळी पट्टा तुटलेल्या प्रवाशाला नवी सॅक नको असते, अर्ध्या तासात चालू करून देणारा माणूस हवा असतो.

दुसरा मार्ग भाड्याचा. समजा एक सॅक तीन हजारांना पडली आणि रोज शंभर रुपये भाडे ठेवले, तर तीस दिवसांत मुद्दल निघते. धुणे व दुरुस्ती धरून चाळीस दिवस म्हणा. भाड्यासाठी पाठ लहान-मोठी करता येणारी सॅक घ्यावी, कारण एकच सॅक दहा जणांना बसवायची असते. स्वतःसाठी मात्र नेमक्या मापाची घ्यावी. ती हलकी असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावातील तरुण वाटाड्ये. पाहुण्यांचे सामान घेऊन ते हंगामभर गड चढतात आणि त्यांच्या पाठीवर पुष्कळदा शाळेचे दप्तर किंवा खांद्याला लटकवलेली पोती असते. ज्याची रोजी पाठीवर आहे, त्याची पाठ विशीतच गेली तर पुढे काय? हेच आठवडे बाजारात कापडाचे गाठोडे वाहणाऱ्या आमच्या फेरीवाल्या भावांनाही लागू आहे. कमरपट्ट्याची, मापाची सॅक ही त्यांच्यासाठी चैन नसून हत्यार आहे.

आमची दुकानदारांना विनंती आहे की गल्ल्याशेजारी एक मापाची टेप टांगून ठेवावी आणि आठ किलोची एक पिशवी भरून ठेवावी. बसत नसलेली सॅक गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये. आपल्याकडे माप नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. त्या दिवशी एक विक्री जाईल, परंतु पुढच्या हंगामात तोच माणूस चार मित्रांना घेऊन त्याच दुकानाची पायरी चढेल.